संमतीपत्रात नसलेला रकाना

बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या भवानीनगरात थंडीच्या दिवसांत दोन हंगाम एकदम चालू असतात. श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याचे गाळप जोरात असते आणि पंचक्रोशीतल्या शाळांच्या सहलीही याच दिवसांत निघतात. शालेय सहलीला एसटीच्या भाड्यात निम्मी सवलत मिळते, त्यामुळे रायगड-प्रतापगडापर्यंतचा बेत आखता येतो. लांब जायचे नसेल तर मोरगाव-जेजुरी आहे, बारामतीचे विज्ञान केंद्र आहे, आणि इंदापूर तालुक्यातच उजनीच्या पाणथळीवर रोहित पक्षी पाहायला मिळतात. गाडी सुटण्याआधी घरोघरी एक कागद जातो, पालकाचे संमतीपत्र. या कागदामागे एक दुर्घटना आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी रायगड जिल्ह्यातल्या मुरुडच्या समुद्रात बुडाले आणि त्यानंतर शिक्षण खात्याने सहलींचे नियम आवळले. धोक्याच्या जागा टाळायच्या, मुलांमागे पुरेसे शिक्षक ठेवायचे, पालकांची लेखी संमती घ्यायची. म्हणून संमतीपत्रात पाणी येते, डोंगर येतो, गाडी येते, मुलाचे आजारपण आणि औषध येते. फोटो सहसा येत नाही. आलाच तर शेवटच्या ओळीत, 'छायाचित्रे वापरण्यास हरकत नाही' एवढ्यापुरता. मुले दोन दिवसांनी घरी येतात, पण त्यांचे फोटो तोवर कुठवर पोचले हे सहल काढणाऱ्या शिक्षकांनाही सांगता येत नाही.

माझे म्हणणे असे आहे की हा प्रश्न कॅमेऱ्याचा नाही आणि पालकाच्या सहीने तो सुटतही नाही. फोटो काढणे, तो त्या वर्गाच्या पालकांना दाखवणे आणि तो जगापुढे मांडणे ही तीन वेगवेगळी कामे आहेत. आपण तिन्हींना एकच परवानगी लावतो आणि घोळ तिथेच होतो. पहिल्या दोन कामांवर बंदी घालण्याचे काही कारण नाही. तिसऱ्या कामाला आवर घालण्याची जबाबदारी मात्र शाळेची आहे, आणि सही घेऊन ती पालकावर ढकलता येत नाही.

सहलीचा फोटो शाळेतल्या इतर फोटोंहून वेगळा का, हे आधी पाहायला हवे. स्नेहसंमेलनाच्या फोटोत रंगमंच असतो, मुलाने वेश केलेला असतो, आपण पाहिले जाणार हे त्याला माहीत असते. सहलीत मूल दोन दिवस शिक्षकांच्या ताब्यात असते आणि कॅमेरा दिवसभर चालू असतो. गाडीत तोंड उघडे टाकून झोपलेली मुले, घाटात उलटी झाल्याने रडवेला झालेला मुलगा, पाण्यात भिजलेल्या मुली, रात्री धर्मशाळेत पांघरुणांत गुरफटलेला घोळका हे सगळे टिपले जाते. टिपणाऱ्याच्या मनात कौतुकाखेरीज काही नसते. पण त्याच चौकटीत गणवेश आणि त्यावरचा शाळेचा बिल्ला असतो, मागे ओळखू येणारा किल्ला किंवा देऊळ असते, सोबत कोणकोण आहे ते दिसते, आणि फोटो लगेच टाकला तर मूल या घटकेला कुठे आहे हेही कळते. 'आता पाचाडला जेवण, रात्री नऊपर्यंत शाळेत पोचू' असा मजकूर आणि खाली चाळीस चेहरे हे पालकांसाठी दिलासा देणारे निवेदन आहे. तेच निवेदन शाळेच्या सर्वांसाठी खुल्या पानावर टाकले की अनोळखी माणसाच्या हाती मुलांचे वेळापत्रक पडते.

यात तंत्राचा एक बारकावाही आहे. मोबाइलने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये, ठिकाणाची सोय चालू असेल तर, अक्षांश-रेखांश आणि वेळ नोंदलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला की ही नोंद गळून पडते आणि फोटोचा दर्जाही उतरतो. मग एखादे पालक विनंती करतात, 'सर, डॉक्युमेंट करून टाका, क्लिअर येतात.' डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फाइलमध्ये सगळी नोंद शाबूत राहते. पुढचा प्रवास तर ठाऊकच आहे. ग्रुपमध्ये आलेला फोटो पन्नास-साठ मोबाइलांच्या गॅलरीत आपोआप उतरतो, तिथून ज्याच्या त्याच्या ऑनलाइन साठ्यात जातो, कुणी तो स्टेटसला लावतो, कुणी मामेभावाला धाडतो. सर्वांसाठी पुसून टाकण्याची मुदत व्हॉट्सअ‍ॅपने २०२२ मध्ये वाढवली, तरी ती दोन दिवस बारा तासांची आहे, आणि पुढे गेलेल्या प्रतींवर तिचा काहीच इलाज नाही. शाळेचा हजेरीपट कुणी चौकात चिकटवत नाही, कारण त्यात मुलांची नावे, वर्ग आणि कोण कधी कुठे होते हे असते. नावानिशी टाकलेल्या सहलीच्या फोटोत हजेरीपटातले सगळे असते, वर चेहराही असतो.

'पण होऊन होऊन काय होणार?' असा प्रश्न यावर विचारला जातो, आणि तो रास्त आहे, कारण निव्वळ भीतीवर नियम उभे राहू नयेत. तर काय होते याचे पुरावे पाहू. चित्रे तयार करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींना शिकवण्यासाठी वापरलेला 'लायन-५बी' नावाचा एक प्रचंड संच आहे. त्यात इंटरनेटवरून वेचलेल्या ५.८५ अब्ज चित्रांचे दुवे आहेत. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०२४ मध्ये या संचाचा अगदी नगण्य, ०.०००१ टक्क्याहूनही कमी, भाग तपासला. तेवढ्यातच ब्राझीलमधल्या मुलांचे १७० आणि ऑस्ट्रेलियातल्या मुलांचे १९० फोटो सापडले. कित्येकांची नावे, वये आणि शाळा फोटोखालच्या ओळीतून किंवा दुव्याच्या पत्त्यातूनच उलगडत होत्या. ते फोटो कुणी चोरले नव्हते. घरच्यांनी, शाळांनी, ओळखीच्या छायाचित्रकारांनी ते कौतुकाने टाकले होते आणि त्यांतले काही तर फार थोड्या लोकांनी पाहावेत म्हणून ठेवलेले होते. दुसरा दाखला स्पेनमधल्या अल्मेंद्रालेखो या लहान गावाचा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या वीसहून अधिक शाळकरी मुलींचे समाजमाध्यमांवरचे साधे, पूर्ण कपड्यांतले फोटो उचलून त्यांच्याच आसपासच्या मुलांनी एका अ‍ॅपने त्यांची नग्न चित्रे तयार केली आणि ग्रुपवर फिरवली. पुढे बाल न्यायालयाने पंधरा मुलांना एक वर्षाच्या देखरेखीची शिक्षा केली. धोका ओळखीच्यांतूनच आला हे या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे अनोळखी माणसाचीच भीती घातली जाते. वर्गाच्या ग्रुपमधला फोटो शेजारच्या इयत्तेतल्या मुलाच्या हाती जायला किती वेळ लागतो, याचा विचार कमी होतो.

मुलांच्या फोटोंची हाव एकट्या शाळांना आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. महाराष्ट्र शासनानेच हा पायंडा मोठ्या प्रमाणावर घालून पाहिला आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये शालेय शिक्षण विभागाने 'सेल्फी विथ स्टूडंट' म्हणून ओळखला गेलेला निर्णय काढला. शिक्षकांनी ठरलेल्या सोमवारी दहा-दहा मुलांच्या गटासोबत सेल्फी काढायचा आणि तो 'सरल' या विद्यार्थी-नोंदीच्या प्रणालीवर चढवायचा. शाळेत अनियमित येणारी मुले शोधून त्यांना टिकवणे हा हेतू होता, आणि त्या हेतूत वाईट काहीच नव्हते. शिक्षक संघटनांनी कडाडून विरोध केला आणि जानेवारी २०१७ मध्ये निर्णय स्थगित झाला. त्या वादाचा भर मात्र शिक्षकांवर होता: अशैक्षणिक कामाचा बोजा, गावात नसलेली रेंज, मोबाइल कुणाच्या खर्चाने घ्यायचा. लाखो मुलांचे चेहरे दर आठवड्याला सरकारी यंत्रणेवर जाणार, ते तिथे किती काळ राहणार, कोण पाहणार, हा मुद्दा कडेला राहिला. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये 'आपले गुरुजी' म्हणून शिक्षकांचेच ए-फोर आकाराचे फोटो वर्गात लावण्याचा आदेश आला, तेव्हा शिक्षकांना तो अपमान वाटला आणि त्यांनी तसे ठणकावून सांगितले. आपला चेहरा कुठे लागावा हे आपल्याला विचारले पाहिजे, हे प्रौढ माणसाला कुणी शिकवावे लागत नाही. मुलांची संघटना नसते, एवढाच काय तो फरक. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' या अभियानात मुख्यमंत्र्यांच्या पत्रासोबत विद्यार्थी-पालकांचे सेल्फी संकेतस्थळावर चढवायचे होते, तेव्हा तर फारशी कुरकूरही ऐकू आली नाही. कार्यक्रम झाला याचा पुरावा म्हणजे फोटो, ही सवय इतकी अंगवळणी पडली आहे की खिचडी शिजली, झाड लावले, वह्या वाटल्या, सगळ्याला मुलाचा चेहरा जोडला जातो. सहलीच्या फोटोंवर बोलताना शाळेला एकटीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये ते याच कारणाने. वरून मागणी असते म्हणून खाली सवय लागते.

'सेल्फी'चा निर्णय थांबला त्याच वर्षी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात मुलांचा वेगळा विचार केला आहे. लहानपणी इंटरनेटवर उमटलेल्या खुणा आयुष्यभर मागे लागू नयेत आणि मुलांच्या खासगीपणाला खास संरक्षण हवे, असा त्यांचा रोख आहे. बालहक्कांच्या ज्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने १९९२ मध्ये मान्यता दिली, त्याच्या सोळाव्या कलमात मुलाच्या खासगी आयुष्यात मनमानी ढवळाढवळ होऊ नये असे आधीपासूनच होते. मग आला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. त्यात अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल धरली आहे, मुलाची माहिती वापरण्यापूर्वी पालकाची पडताळता येणारी संमती मागितली आहे, आणि मुलांविषयीची कर्तव्ये मोडली तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. संमती मागताना द्यायची सूचना पालकाला मराठीत मिळण्याची सोय आहे, आणि दिलेली संमती जितक्या सहज दिली तितक्या सहज मागे घेता आली पाहिजे, असेही कायदा सांगतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदी लागू होण्यासाठी अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. घरगुती वापर कायद्याच्या बाहेर ठेवला आहे, त्यामुळे आईने लेकीचा फोटो आपल्या मोबाइलमध्ये ठेवला म्हणून कुणी तिला नोटीस पाठवणार नाही. शाळेचे पान हा घरगुती वापर नव्हे.

इथवर वाचून एखादे मुख्याध्यापक म्हणतील, ठीक आहे, संमतीपत्रात एक रकाना वाढवतो. माझा आक्षेप नेमका इथे आहे. संमतीला किंमत येते ती नाही म्हणण्याची मोकळीक असेल तेव्हा. स्वीडनमधल्या शेलेफ्तेओ गावच्या एका शाळेने हजेरीसाठी २२ विद्यार्थ्यांवर चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्याचा प्रयोग केला होता आणि संमतीही घेतली होती. २०१९ मध्ये तिथल्या माहिती संरक्षण यंत्रणेने नगरपालिकेला दोन लाख क्रोनरचा दंड केला. विद्यार्थी शाळेवर अवलंबून असतो, त्यामुळे त्याच्या होकाराला मोकळा होकार म्हणता येत नाही, असे त्या यंत्रणेने सांगितले. चेहरा ओळखणारे यंत्र आणि सहलीचा फोटो यांत अंतर आहे हे मान्य. तरी पेच तोच आहे, आणि भवानीनगरच्या परिसरात तो अधिकच घट्ट होतो. शाळेच्या संस्थेत, कारखान्यात, सोसायटीत, दूध संघात तीच माणसे, तीच आडनावे असतात. वर्गशिक्षक शेजारच्या वाडीवर राहतात. अशा ठिकाणी 'आमच्या मुलीचा फोटो टाकू नका' असे कागदावर लिहून देणे म्हणजे आपण काही वेगळे आहोत, शंकेखोर आहोत, असे चारचौघांत जाहीर करणे. बहुतेक जण सही करून मोकळे होतील, आणि शाळेच्या दृष्टीने कागद पूर्ण होईल.

शिवाय ज्यांनी खरोखर नाही म्हटले पाहिजे त्यांना ते बोलून दाखवताच येत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या ७४ व्या कलमानुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असे नाव, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करणे गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अत्याचाराला बळी पडलेल्या मुलांच्या बाबतीत पोक्सो कायद्याचे २३ वे कलम प्रसिद्धीमाध्यमांना तेच बजावते. बालविवाहातून सोडवलेली आणि बालकल्याण समितीच्या आदेशाने वसतिगृहात राहणारी मुलगी जवळच्या शाळेत जाते आणि सहलीलाही जाते. तिचा ठावठिकाणा ज्यांच्यापासून लपवायचा, तेच तिचे नातेवाईक असू शकतात. आईवडिलांत ताब्याचा वाद चालू असलेले मूल त्याच वर्गात असू शकते. शिक्षकांना हे माहीत असेल, बऱ्याचदा नसेलही. आणि माहीत असले तरी ते करणार काय? 'तू बाजूला हो, तुझा फोटो नको' असे म्हटले की चाळीस मुलांना कळते की हिच्यात काहीतरी आहे. म्हणजे अपवाद करणेच ओळख उघड करते. यातून एकच वाट निघते. सर्वांसाठीचा नियम असा हवा की अपवाद करावाच लागू नये. कुणाचाच ओळखू येणारा चेहरा खुल्या पानावर गेला नाही, तर कुणाला बाजूला उभे करण्याची वेळ येत नाही. पालकाच्या सहीवर उभ्या असलेल्या व्यवस्थेत हे संरक्षण बसवता येत नाही, कारण ज्याची सही नाही तो तिथे आपोआप उठून दिसतो.

कारखान्याच्या हंगामाचा उल्लेख सुरुवातीला केला तो यासाठीही की त्याच दिवसांत गावात आणखी काही मुले असतात. ऊसतोड मजुरांचे तांडे बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून येतात, कारखान्याच्या परिसरात खोपी उभ्या राहतात, आणि मुले एक तर तळावर असतात किंवा साखरशाळेत, जवळच्या जिल्हा परिषद शाळेत बसवली जातात. सहलीची वर्गणी आणि दोन दिवसांची सवड यांमुळे ती सहलीला क्वचितच जातात. फोटोत मात्र ती भरपूर असतात: स्वेटर घेताना, खाऊ घेताना, दप्तर घेताना, देणाऱ्याच्या शेजारी उभी. देणाऱ्याच्या मनात माया असेलही, पण अशा फोटोत मुलाची गरिबी हाच विषय असतो आणि त्याचा चेहरा हा त्याचा पुरावा. त्या मुलाच्या आईला कुणी रकाना भरायला दिला होता? पहाटे कोयता घेऊन फडात गेलेली बाई रात्री परतते, आणि तिच्या मुलाचा फोटो कुठल्या तरी मंडळाच्या पानावर झळकल्याचे तिला हंगाम संपून गावी गेल्यावरही कळत नाही. सहलीला गेलेल्या मुलाचे पालक निदान ग्रुपमध्ये तरी असतात. संमतीची कल्पना किती वरवरची आहे हे पाहायचे असेल तर ज्यांच्याकडून ती कधी मागितलीच जात नाही त्यांच्याकडे पाहावे.

आता आक्षेप. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, मग लपवायचे काय, हा पहिला. तुकोबांची पालखी सणसरला मुक्कामी असते, बेलवाडीला रिंगण होते, लाखो माणसे आणि शेकडो कॅमेरे असतात, तिथे मुलांचे फोटो निघतातच. हे खरे आहे. पण पालखीत मूल आईच्या कडेवर असते, आईला वाटले तर ती पदर आडवा धरते, आणि फोटो रिंगणाचा असतो, त्या मुलाचा नसतो. सहलीत मूल शाळेच्या हवाली केलेले असते आणि फोटोच्या चौकटीतून बाहेर पडण्याची मुभा त्याला नसते. 'सगळे सरळ उभे राहा, हसा' हा हुकूम असतो. गावाला माहीत असणे आणि जगाला शोधता येणे यांतही अंतर आहे. गावची आठवण हळूहळू पुसट होते, गावाला संदर्भ माहीत असतो, आणि गाव वेळप्रसंगी मुलाची बाजू घेते. शोधयंत्राकडून यांतल्या कशाचीच अपेक्षा करता येत नाही.

दुसरा आक्षेप पालकांविषयीचा. तेच तर मुलाचा वाढदिवस, बक्षीस, दहावीचे टक्के स्टेटसला लावतात, चौकात फ्लेक्स लावतात. मग शाळेलाच सोवळे का? पालक चुकत असतील तर ती वेगळी चर्चा आहे, आणि फ्रान्सने १९ फेब्रुवारी २०२४ च्या कायद्याने ती पुढे नेलीही आहे. मुलाच्या प्रतिमेचा हक्क दोन्ही पालकांनी मिळून जपायचा आणि वयाप्रमाणे मुलालाही त्या निर्णयात घ्यायचे, असे तो कायदा सांगतो. आपल्यापुरता मुद्दा साधा आहे. पालक आपल्या एका मुलाबद्दल ठरवतो. चाळीस मुलांचा फोटो स्टेटसला लावणारा पालक उरलेल्या एकोणचाळीस घरांबद्दलही ठरवून टाकतो. शाळेने हे बैठकीत एकदा सांगितले तर बहुतेकांना पटते, कारण उरलेल्या एकोणचाळीसांत आपणही असतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो झटकून टाकणाऱ्यांचा मला राग येतो. मराठी शाळांची पटसंख्या घसरते आहे. दहा किलोमीटरवरून इंग्रजी माध्यमाची पिवळी बस गावात येते, तिच्या पानावर रोज चकचकीत फोटो असतात. जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेने आपली सहल, आपली मुले दाखवली नाहीत तर पालक म्हणणार, इथे काही होतच नाही. पट घटला की शिक्षकांची पदे जातात, मग उरलेल्या मुलांचेच नुकसान. यावर 'खासगीपण महत्त्वाचे' एवढे ऐकवून भागत नाही. प्रसिद्धी हवीच. प्रश्न इतकाच की ती चेहऱ्यांवरच का उभी करायची. रायगडाच्या पायऱ्या चढणारी पाठमोरी रांग, दुर्बिणीला लागलेले डोळे आणि समोर रोहित पक्ष्यांचा थवा, विज्ञान केंद्रातल्या उपकरणावरचे हात, सहलीनंतर मुलांनी काढलेली चित्रे, लिहिलेले निबंध यांतून शाळेत काय चालते ते चेहऱ्यांच्या रांगेपेक्षा जास्त कळते. असा फोटो काढायला थोडी नजर लागते, आणि हसऱ्या चेहऱ्याइतका तो पटकन भुरळ घालणार नाही, हेही कबूल केले पाहिजे. काही लाइक कमी पडतील. तो तोटा खरा आहे आणि तो सोसण्याजोगा आहे. शिवाय तालुक्यातल्या सगळ्या शाळांना, इंग्रजी माध्यमासह, गटशिक्षणाधिकाऱ्यांनी एकच नियम लावला तर कुणाचीच बाजू लंगडी पडत नाही.

राहिली आठवणींची गोष्ट. जुन्या शाळांच्या भिंतींवर १९६०-७० च्या दशकांतले वर्गफोटो असतात, आणि त्यांच्यापुढे उभे राहून म्हातारी माणसे आपले मित्र शोधतात. हे सुख पुढच्या पिढीला का नाकारायचे, असे कुणी विचारले तर उत्तर असे की नाकारायचेच नाही. तो भिंतीवरचा फोटो शाळेत येणाऱ्यालाच दिसतो, त्याची प्रत कुणी परस्पर काढत नाही, आणि तो पन्नास वर्षे टिकतो. समाजमाध्यमाचे पान टिकेल याची मात्र कुणीच हमी देत नाही. सहलीचा एक चांगला गटफोटो स्टुडिओतून छापून प्रत्येक घरी द्यावा, एक शाळेच्या भिंतीवर लावावा. खर्च प्रत्येकी थोडक्या रुपयांचा आहे, आणि सहलीच्या वर्गणीत तो बसतो.

व्यवहारात करायचे ते फार नाही. सहलीत फोटो काढण्याचे काम एका शिक्षकाकडे असावे आणि शक्यतो शाळेच्या मोबाइलवर असावे, म्हणजे पाच शिक्षकांच्या खासगी गॅलऱ्यांत मुलांचे फोटो पडून राहत नाहीत. वाटेतून पालकांना मजकूर जावा: पोचलो, जेवलो, निघालो. फोटो परतल्यावर जावेत, फक्त त्या वर्गाच्या पालकांना, नावांशिवाय, झोपलेल्या-भिजलेल्या-रडणाऱ्या मुलांचे वगळून. ते ठरावीक मुदतीनंतर काढले जावेत. शैक्षणिक वर्ष संपणे ही सोयीची मुदत आहे. खुल्या पानासाठी चेहरे नसलेले चार फोटो पुरतात. आणि आठवी-नववीच्या मुलांना तरी विचारावे. तेरा वर्षांची मुलगी 'सर, हा नको' म्हणाली तर कारण विचारू नये. हा सगळा ठराव शाळा व्यवस्थापन समितीच्या एका बैठकीत होण्यासारखा आहे, त्याला कायद्याची मुदत संपण्याची वाट पाहावी लागत नाही.

एक गाठ मात्र ठरावानेही सुटत नाही, आणि तिच्याकडे आताच पाहिलेले बरे. आज खुल्या पानांवर असलेले हजारो फोटो कुणाच्या ताब्यात आहेत? अनेकदा पान एखाद्या उत्साही शिक्षकाने स्वतःच्या नंबरवरून सुरू केलेले असते. त्यांची बदली होते, ते निवृत्त होतात, नंबर बदलतो, पासवर्ड कुणालाच ठाऊक नसतो. आज सहावीत असलेला मुलगा अठरा वर्षांचा झाल्यावर कायद्याने आपली माहिती पुसून मागू शकेल, पण तो अर्ज घेऊन शाळेत आला तर मुख्याध्यापकांना पान उघडता तरी आले पाहिजे. म्हणून येत्या सहलीचे नियम लिहिण्याआधी जुन्या पानांची आणि ग्रुपांची यादी करावी, प्रत्येकाचा ताबा शाळेच्या नावाने नोंदवावा, तो कुणाकडे आहे हे मुख्याध्यापकांच्या कार्यभार-हस्तांतराच्या कागदांत किल्ल्या आणि दप्तराच्या जोडीला लिहावे, आणि ज्या पानांचा ताबा मिळतच नाही ती बंद करण्यासाठी संबंधित कंपनीकडे शाळेच्या शिक्क्यानिशी अर्ज करावा.